देशमुखांचं रिकामं म्यान

१

हे तुम्ही खरं मानणार नाही. मानूच नका. आजवर या जिभेनं जे जे सांगितलं, त्यातलं निम्मं माझ्या बायकोनंही मानलं नाही, आणि तिनं तर माझ्यासारख्याशी जन्मभर संसार केला. पण विळ्यांना धार लागायला वेळ आहे, तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

असं म्हणून मी चिखलीच्या बाजारात ताहेराच्या साणेपुढं बैठक मारली. ज्वारी सोंगणीला आली होती. साणेपुढं विळ्यांचा ढीग आणि ढिगामागं माणसांची रांग. ताहेरा ही कय्यूम शिकलगाराची लेक. बाप गेल्यापासून साण तीच चालवते. पायानं चाक फिरवते, विळा टेकवते, मान वर करत नाही.

"पाटील, आज कोनती थाप सोडता?" कडूबा म्हणाला. मी तोंड उघडायच्या आत हसायला तयार असणारा हा माणूस.

"तलवारीची. आपल्या रामराव देशमुखायच्या तलवारीची."

साण जराशी मंदावली. मग पुन्हा फिरू लागली.

ती तलवार काय सांगू! देवघरात नुसती टांगलेली, पण मांजर त्या छपरावरून जायचं नाही. वैशाखाच्या उन्हात तिला घाम फुटायचा. तो घाम पुसलेलं फडकं ज्याच्या वावरात टाकलं, त्याच्या कपाशीला कीड शिवायची नाही.

"मंग देशमुखानं फडकेच इकाले पाह्यजे होते," कडूबा म्हणाला, "तलवार कायले ठेवली?"

माणसं हसली. मलाही तेच हवं होतं. हसणाऱ्या माणसाला पुढचं सांगणं सोपं जातं.

मी तेव्हा आमच्या गावचा पोलीस पाटील. एका सकाळी देशमुखांचा गडी धापा टाकत दारात आला. "पाटील, चाला. तलवार गेली."

गेलो. देवघरात चौरंगावर म्यान आडवं पडलेलं. चांदीच्या कड्या, चांदीची टोपी, वर कालच्या पूजेचं हळदकुंकू. म्यानाचं तोंड उघडं. तलवार मुठीसकट नाहीशी.

रामराव भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी कोणाचं नाव घेतलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. एवढंच म्हणाले, "काल दुपारी कय्यूम आल्ता. चांदी उजळाले."

आणि जमिनीकडं पाहत राहिले.

२

आता ही तलवार त्याच सकाळी का जावी, हे कळायला तुम्हाला त्या वेळची हवा कळली पाहिजे.

बेरार तेव्हाही मध्यप्रांताच्या दावणीलाच बांधलेला. सरकारच्या मनात आलं, की बंदुकीला जसं लायसन लागतं तसं तलवारीला, कट्यारीला, गुप्तीलाही लावावं. निदान बोलवा तरी तशी होती. पण तहसीलदार सावध माणूस. ते म्हणाले, आधी रयतेला विचारू. चिखलीत कापसाच्या जिनाच्या आवारात सभा ठरली. ज्याला बोलायचं त्यानं बोलावं, लायसन हवं की नको.

महिनाभर तालुक्यात दुसरा विषय नव्हता. न्हाव्याकडं तेच, पाणवठ्यावर तेच. भर बाजारात रामराव म्हणाले, "आमच्या आज्याच्या आज्यानं जी गाजवली, तिच्यासाठी म्या कागद मांगू? सायबासमोर उपसून इचारतो, हिले लायसन लावता का, म्हणून."

लोकांनी वाहवा केली. आणि त्याच आठवड्यात दवंडी आली, की सभेत बोलणाऱ्यानं आपलं हत्यार सोबत आणावं आणि सर्वांदेखत उपसून दाखवावं. कशावर लायसन लावायचं ते सरकारला पाहू द्या.

सभा परवावर आली, आणि तलवार गेली.

"म्हनजे ज्याले लायसन पाह्यजे होतं त्यानंच नेली," रांगेतला एक म्हणाला.

"मीही तेच म्हणालो," मी म्हणालो. "आणि घोडीवर बसून थेट नारायणराव वकिलांकडं गेलो. घोडी अशी, की मी निघायच्या आधी पोचली."

३

नारायणराव वकील लायसनच्या बाजूचे. गावात राहून चिखलीला वकिली करायचे. ओट्यावर न्हावी त्यांची दाढी करत होता आणि हे डोळे गच्च मिटून बसलेले.

"वस्तरा गेला का?" त्यांनी विचारलं.

"गेला."

मग डोळे उघडले. "पाटील, मला पातं पाहवत नाही. लहानपणी पोळ्याच्या तोरणावरून झालेली मारामारी पाहिली होती, तेव्हापासून. मी तलवार उचलून नेईन? तुम्हीच विचार करा."

"पण चोरी झाली, तर तुमचं म्हणणं खरं ठरतं."

"ठरतंच," ते शांतपणे म्हणाले. "लायसन असतं तर नोंद असती, नोंद असती तर चोर धास्तावला असता. मी हे सभेत बोलणार. पण एक सांगा, चोरानं म्यान का ठेवलं? चांदी म्यानावर आहे. पातं भंगारात विकून काय मिळणार?"

मी घरी येईतो हे डोक्यात खडखडत होतं.

दुसरा संशय पुंजाजीवर. हा रामरावांचा चुलतभाऊ, थोरल्या पातीचा. तलवार थोरल्या घरची, ती रामरावाच्या बापानं दाबून ठेवली, असं तो येताजाता म्हणायचा. मी गेलो तेव्हा बैलांना सरकी घालत होता.

"चोरली असती तं सांगितलं असतं," पुंजाजी म्हणाला. "माहीच हाय. आपली वस्तू चोरते का कोनी?"

"मंग नेली कोनं?"

"नेली का नाही ते पाह्य आधी. रामरावाले तलवारीची रीत कुठं माहीत हाय! आपल्या अख्ख्या मुलखात नवरदेव कट्यार घेऊन हिंडते, टोकाले लिंबू खोचते. हे अडानी! पोराच्या लग्नात तलवार देल्ली नवरदेवाच्या हाती, अन लिंबू म्यानाले दोऱ्यानं बांधलं. दोऱ्यानं! जशी म्हशीच्या गयात लोढणं. आमी थोरल्या घरचे लोकं लाजेनं मांडवातून उठून गेलो."

मी हसलो. पुंजाजीच्या टोमण्यांना गावात कोणी मोजत नसे.

मध्येच कडूबा म्हणाला, "पाटील, खरं सांगा, त्या लग्नात तुमी होते का?"

"होतो ना. दोरा पाहिला होता. लाल होता."

"मंग लिंबू दोऱ्यानं काऊन, हे तवाच नाही इचारलं?"

"जेवण चांगलं होतं," मी म्हणालो, आणि रांग पुन्हा हसली. ताहेरा हसली नाही. तिनं एक विळा बाजूला टाकला आणि दुसरा उचलला.

४

संध्याकाळ व्हायच्या आत हवालदार आला आणि कय्यूमला त्याच्या घरून घेऊन गेला. मी चिखलीला चौकीत गेलो तेव्हा तो कोपऱ्यात उकिडवा बसला होता. दाढीला चांदी उजळायची पांढरी भुकटी अजून लागलेली.

"कय्यूमभाई, तलवार तुनं नेली?"

"नाही पाटील."

"काल उजळली तूच ना?"

"म्यान उजळलं. कड्या घासल्या, टोपी घासली. टोपीले खाली भोक पडेल हाय, त्यायले म्हनलं, बुजवून देतो, तं नको म्हनले."

"अन पात्याले धार?"

त्यानं दाढीवरची भुकटी पुसली. "पात्याचं मले इचारू नका."

"काऊन?"

"जबान देल्ली हाय."

"कोनाले?"

"तेबी जबानीतच आलं, पाटील."

हवालदार हसला. "पाह्यलं? साथीदार हाय कोनी. दोन दिवसांत बोलंल."

"बोलला नाही तं?" मी विचारलं.

"तं जेल. अन सभेत उभा करतो ना याले. साहेबाले दाखवतो, तलवारी कशा फिरतात ते."

कय्यूमचं हातावर पोट. साण बंद म्हणजे चूल बंद. घरी बायको आणि एक चिमुरडी. पण तो चोरी नाकारण्यापलीकडं एक शब्द बोलेना. आपल्यावर आलेलं टाळायला ज्याला एक वाक्य पुरलं असतं, आणि तो ते वाक्य गिळून बसला, असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

हे मी जरा जोरात बोललो असेन. साणेवरून ठिणग्या उडत होत्या. मी तिकडं पाहिलं नाही.

तिथून मी देशमुखांकडं आलो. रामराव बाहेर गेले होते. त्यांच्या आई अन्नपूर्णाबाई वाती वळत बसल्या होत्या.

"काकू, तलवार शेवटची उपसली कवा?"

"आमच्यात उपसत नाही. दसऱ्याले बी म्यानाचीच पूजा होते."

"पह्यलेपासून?"

"रामरावचे बाबा होते तवा उपसत. ते गेल्यावर बंद केलं." मग त्यांच्या हातातली वात थांबली. "कय्यूमनं काही सांगितलं का?"

घराबाहेर येऊन मी थांबलो. ज्यांच्या घरी चोरी झाली त्यांची आई विचारते, कय्यूमनं काही सांगितलं का. चोरी कबूल केली का, असं नाही. तलवार सापडली का, असंही नाही.

"मंग?" कडूबा आता हसत नव्हता.

"मग मी परत फिरलो," मी म्हणालो, "आणि देवघरात जाऊन म्यान हातात घेतलं."

५

म्यान लाकडाचं, वरून मखमल. तलवार नसूनही ते मला जड वाटलं. अंगणात तुराट्यांचा भारा पडला होता. एक सरळ तुराटी मोडून म्यानाच्या तोंडातून आत सारली.

वीतभर गेली आणि अडली.

जोर लावला, हलेना. म्यान फिरवून टोकाकडून पाहिलं. टोपीला करंगळी जाईल एवढं भोक. जमिनीवर म्यान आपटलं, तसा भोकातून वाळलेल्या मातीचा चुरा पडला. चुऱ्यात मातीच्या नळीचे तुकडे, आणि नळीत एक वाळून गेलेली अळी.

कुंभारीण माशी तुम्ही पाहिली आहे. घराच्या फटीत, कुलपाच्या भोकात, बासरीत, जिथं पोकळी मिळेल तिथं मातीचं घर करते. टोपीच्या भोकातून आत शिरून तिनं आणि तिच्या लेकीसुनांनी म्यान मातीनं बुजवून टाकलं होतं. माती दगडासारखी झालेली. एका पावसाळ्याचं ते काम नव्हतं.

आता सांगा, म्यान जर वर्षानुवर्षं मातीनं भरलेलं, तर काल त्यात तलवार कुठून असेल?

 

तलवार नव्हतीच. होती ती मूठ, आणि मुठीला वीतभर पात्याचा तुकडा. बाहेरून बघणाऱ्याला देशमुखांची तलवार दिसायची. म्हणून लग्नात लिंबू दोऱ्यानं बांधलं, कारण खोचायला टोक नव्हतं. म्हणून दसऱ्याला उपसणं बंद. म्हणून चोरानं चांदी सोडली, कारण चोर नव्हताच. सभेत उपसून दाखवायची दवंडी आली आणि ज्यानं भर बाजारात बढाई मारली, त्याला ती मूठ नाहीशी करणं भाग पडलं. म्यान मात्र टाकवेना. पिढ्यांची पूजा त्याच्यावर. आणि हे सगळं ठाऊक असणारा बाहेरचा माणूस एकच, ज्याच्या हातून मोडक्या पात्याला पुन्हा मूठ बसवून घेतली, आणि ज्यानं म्हाताऱ्या बाईला जबान दिली.

रामराव मला गोठ्यात भेटले. मी काही न बोलता तुराटी दाखवली. टोकाला माती लागलेली होती.

ते गव्हाणीच्या काठावर बसले. "वीस वर्साचा होतो," ते म्हणाले. "वावरात कवठ फोडाले गेलो तलवारीनं. कवठ फुटलं नाही, पातं दगडावर बसलं."

"कवठ?"

"कवठ, पाटील."

त्यांच्या आज्याच्या आज्यानं गाजवलेली तलवार कवठावर मोडली, हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. रामरावांनी डोक्यावरचा पटका काढला आणि माझ्या पायाशी ठेवला.

"म्या कय्यूमचं नाव नाही घेतलं."

"घेतलं नाही. ठेवलं फक्त. हवालदारानं उचललं."

"तालुक्यात तोंड दाखवाले जागा नाही राहनार. आईले सोसनार नाही. अन पाटील," त्यांनी मान वर केली, "तुह्या बापाले पाटीलकी मिळाली तवा कोनाच्या बापानं शबुद टाकला होता?"

६

सभेच्या दिवशी जिनाच्या आवारात मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. कापसाच्या गासड्यांवर माणसं, भिंतींवर माणसं. मुंग्या म्हणे माघारी गेल्या. मधोमध तहसीलदारांची खुर्ची, बाजूला मी, आणि पुराव्याचं म्यान माझ्याकडं.

आधी नारायणराव उठले. "बंदुकीला लायसन आलं तेव्हा कोणाचा मान गेला? गेल्या पोळ्याला तोरणावरून तलवारी निघाल्या आणि एका माणसाचा हात कोपरापासून गेला. मान कशात असतो, ते त्याला विचारा."

पुंजाजी बसल्या जागेवरून ओरडला, "आज तलवार, उद्या कोयता, परवा आमच्या बायकायची विळी! सरकार भाजी तरी चिरू दील का?"

हशा पिकला. मग गफ्फार उठला. तो मोहरमच्या आखाड्याचा उस्ताद, पोरांना दांडपट्टा शिकवायचा. हळू बोलला, म्हणून सगळे गप्प झाले. "लायसन कोनाले भेटंल, साहेब? ज्याची तहसिलीत वळख हाय त्याले. म्हनजे मोठ्यायच्या घरातली तलवार तशीच राह्यते. जाईल ती माह्या पोरायच्या हातातली. तंटा थांबवाचा असंल तं थांबवा. पन मंग सगळ्यायचीच ठेवून घ्या, नाही तं कोनाचीच नको."

तहसीलदारांनी मान डोलावली. ते लिहून घेणार इतक्यात हवालदारानं कय्यूमला पुढं केलं. हातात बेडी. वकील म्हणाले, "आणि घरातल्या तलवारीचं हे असं होतं. देशमुखांसारख्यांना सांभाळता आली नाही, तिथं इतरांचं काय?" आवारात कुजबुज झाली. सगळी सभा त्या बेडीकडं पाहू लागली. एका न झालेल्या चोरीनं सगळ्या तालुक्याचा निकाल लागत होता, आणि एका माणसाचाही.

तहसीलदार माझ्याकडं वळले. "पाटील, तुमचं काय म्हणणं?"

"अन तुमी?" कडूबानं विचारलं.

"मी उठलो!" मी मांडीवर थाप मारली. "उठलो तो असा, की खुर्ची मागं तीन हात उडाली. म्यान डोक्यावर धरलं आणि साहेबांच्या मेजावर आपटलं. मातीचा ढीग पडला, ढिगातून कुंभारीण माशा निघाल्या आणि हवालदाराच्या पटक्याभोवती फिरल्या. म्हटलं, साहेब, हा चोर नाही, हा जबान पाळणारा माणूस आहे. रामराव तिथंच उठले, सगळं कबूल केलं, स्वतःच्या हातानं बेडी काढली. टाळ्या अशा पडल्या की जिनाचे पत्रे हालले. कय्यूमला मीच माझ्या बैलांच्या दमणीत घालून घरी आणलं. त्याच्या बायकोनं मला गुळाचा चहा—"

साण थांबली होती. कधी थांबली, मला कळलं नाही.

"खोटं," ताहेरा म्हणाली.

कडूबा हसला. "आता समजलं का बाई तुले? पाटील कवा खरं बोलते?"

"तुमी गप बसा, कडूबाभाऊ." तिनं हातातला विळा खाली ठेवला. मी इतकी वर्षं त्या साणेपुढून जातो, पण तिनं माझ्या डोळ्यांत पाहिल्याचं मला आठवत नाही. आता ती पाहत होती.

"मी होती त्या सभेत. अम्मीच्या बाजूले, गासडीच्या आडोशाले बसली होती. साहेबानं तुमाले इचारलं, ते खरं हाय. तुमी उठलेच नाही. म्यानावरून हात फिरवत बसले, अन म्हनले, माहं काही म्हननं नाही. अब्बाले तसंच बेडीत नेलं. जेलातून आले तवा कोनी धार लावाले येत नव्हतं, चोराकडं कोन येईल? मरेपर्यंत अब्बा एक लफ्ज बोलले नाही. म्या त्यायच्या मयतीत बी मनात हेच म्हनलं, अब्बा, काऊन चोरली तुमी?"

तिनं चाकावरचा पाय काढला.

"मी अब्बालेच चोर समजत होती, पाटील. अन मातीचं तुमाले तवाच ठाऊक होतं."